दाराजवळची जागा

कौतुक करायचं म्हटलं की माझा हात आखडतो. घराण्याचाच वारसा आहे तो. आईच्या हातच्या पुरणपोळ्या दाबून खाल्ल्यावरही वडील 'बरं जमलंय' यापुढे जात नसत, आणि आई तेवढ्यावर खूश असायची. पण रबाळ्याच्या कारखान्यातल्या आमच्या बाईंबद्दल लिहिताना मी हात आखडता घेणार नाही. ज्यांना जास्त वाटेल त्यांनी वाचताना आपल्या मनाने कमी करून घ्यावं.

नव्वदच्या दशकाची ती उत्तरार्धातली वर्षं. मी नेरूळला राहायचे, बी. कॉम. झाले होते आणि वाशीच्या एका क्लासचं कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट गाठीशी होतं. तेवढ्या भांडवलावर पितळी नळ बनवणाऱ्या एका कारखान्यात, पर्सोनेल खात्यात, मी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. कॉम्प्युटरला काचेची वेगळी खोली होती आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. एसी साऱ्या कारखान्यात दोनच ठिकाणी, एक मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये आणि दुसरा आमच्याकडे. साहेबांकडे कारणाशिवाय कुणी फिरकत नसे. आमच्याकडे मे महिन्यात लोकांना भरपूर कारणं सुचत.

बाई म्हणजे पर्सोनेल ऑफिसर, माझ्या वरिष्ठ. मूळच्या साताऱ्याकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा त्यांच्या सेक्टरमध्ये म्हणे रस्ता नव्हता, नुसते पाइप पडलेले असायचे. पहिल्या दिवशी मी 'मॅडम' म्हटलं तर म्हणाल्या, "मॅडम काय गं? मी काय गोऱ्या सायबाची बायको हाय? बाई म्हण." कडक खळीची सुती साडी, हातात बारा महिने छत्री, आणि नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. ऑफिसातले पुरुष त्यांना वचकून असायचे आणि त्या गेल्यावर त्यांच्या नकला करायचे. मीही हसायचे. नक्कल चांगली असली की हसू येतंच.

त्या वर्षी हेड ऑफिसने सगळ्या कारखान्यांसाठी नवं पॅकेज घेतलं. पगार, रजा, सिनिऑरिटी, सगळं त्यातच होणार होतं. त्यासाठी प्रत्येक कामगाराचा एकेक फॉर्म स्क्रीनवर भरायचा होता: आडनाव, नाव, खातं, लागल्याची तारीख, गाव, वारस असे चौकोनच चौकोन. आमची माहिती एका शीटमध्ये होती, आडव्या ओळी आणि उभे रकाने, एका माणसाला एक ओळ. ती बघून हाताने फॉर्म भरत बसलो असतो तर दिवाळी उलटली असती. म्हणून हेड ऑफिसने फ्लॉपीवर एक छोटा प्रोग्रॅम पाठवला. तो शीटमधली एक ओळ उचलायचा, फॉर्मच्या एकेका चौकोनात टाकत जायचा, शेवटी सेव्ह करायचा आणि रिकामा फॉर्म उघडून पुढच्या ओळीकडे वळायचा. कीबोर्डला कुणाचा हात नाही आणि अक्षरं आपोआप उमटताहेत, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थबकला. "आयला, भूत लागलंय याला," तो म्हणाला. तेव्हापासून त्या प्रोग्रॅमचं नाव भूतच पडलं. बाईसुद्धा साहेबांसमोर बिनदिक्कत 'आमचं भूत' म्हणायच्या.

भूत भराभर काम करायचं, पण अक्कल शून्य. शीटमधला एखादा चौकोन रिकामा राहिला की पुढचं सगळं एक घर मागे सरकायचं आणि गावाच्या चौकोनात बायकोचं नाव जाऊन बसायचं. नावापुढे चुकून एक मोकळी जागा टाइप झाली असेल तर फॉर्म 'टुंग' करून अडून बसायचा. रकान्यांचा क्रम फॉर्मच्या चौकोनांशी जुळवायचा, नाव-आडनाव वेगळं काढायचं, खात्यांची नावं एकाच पद्धतीने लिहायची, असं बरंच काम होतं. मला ते कंटाळवाणं वाटायचं. बाईंना वाटत नसे. त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत, स्क्रीनवर फूटपट्टी आडवी धरत आणि एकेक ओळ मोठ्याने वाचत. कॉम्प्युटरचा गंध नसलेल्या बाई दोन आठवड्यांत शीट शिकल्या. रकाना हलवणं, पुसणं, ओळी क्रमाने लावणं, सगळं आधी मला करायला लावलं आणि मग मला उठवून स्वतः केलं.

"भुताला डोळे नसत्यात," त्या म्हणायच्या. "आपलेच द्यायचे त्याला."

मी मान हलवायचे. मला एसीची झोप यायची.

या कामाला एक काळी किनार होती, ती आधीच सांगायला हवी. पॅकिंगसाठी मशीन येणार होतं आणि पॅकिंगमधून एका बाईला कमी करायचं ठरलं होतं. युनियनशी बोलणी होऊन नियम ठरला तो नेहमीचाच: शेवटी आला तो आधी जाणार. नव्या पॅकेजमधून सिनिऑरिटीची यादी निघाली की पॅकिंगच्या यादीतलं शेवटचं नाव घरी. म्हणजे आमच्या शीटमधल्या 'लागल्याची तारीख' या एका रकान्यावर कुणाची तरी चूल अवलंबून होती. हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं, आणि पॅकिंगच्या बायकांना तर रात्रंदिवस.

त्या बायकांत माझा डबा असायचा. कारखान्यात बायका म्हणजे बाई, मी आणि त्या दहा-बारा जणी. दुपारी सगळ्या पॅकिंगच्या लांब टेबलावरच जेवायचो, नळांची खोकी बाजूला सारून. त्यातली सगळ्यांत वयस्क ती सारसोळ्याची मावशी. नवरा खाडीत जाळं टाकायचा, पण खाडीत आता मासळीपेक्षा प्लास्टिकच जास्त लागतं म्हणायची. तिच्या डब्यातल्या सुक्या जवळ्याच्या वासाने भूक खवळायची, आणि आमच्या घरच्या शाकाहाराला मी तिथेच गुपचूप तिलांजली दिली. दुसरी, दिघ्याची. माहेर मराठवाड्यातलं, नवऱ्यासोबत दिघ्याच्या चाळीत राहायची. नवरा रंगकाम करायचा, मिळेल तेव्हा. घरात एक लहान मुलगी. बोलायला तिखट आणि हसायला मोकळी. या दोघींचं एकमेकींशी इतकं जमायचं की डबे उघडल्यावर कुठली भाजी कुणाची हे त्यांनाही सांगता यायचं नाही. मशीनची बातमी आल्यापासून मात्र त्या टेबलावर कुणी फारसं हसत नव्हतं.

आता चूक कशी झाली ते सांगते. शीट तयार झाल्यावर बाईंनी एक दिवस ओळींचा क्रम बदलला. आधी नावं जुन्या रजिस्टरप्रमाणे होती, म्हणजे माणूस ज्या क्रमाने कामाला लागला त्या क्रमाने. बाईंना ती खात्याप्रमाणे आणि खात्यात आडनावाप्रमाणे हवी होती, तपासायला सोपं जावं म्हणून. अनुक्रमांकाचा रकाना त्यांनी पुसून टाकला, कारण फॉर्ममध्ये त्याला चौकोनच नव्हता. मग सेव्ह केलं, छत्री उचलली आणि खुशीत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भुताची चाचणी घेतली. पहिली नावं झरझर गेली. मग 'टुंग'. लागल्याच्या तारखेच्या चौकोनात तारीख नव्हती, दोन छोट्या खुणा होत्या, किराणावाला यादीत एकाखाली एक तोच भाव असला की करतो तशा. वरीलप्रमाणे. मी शीट उघडून तो रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला. निम्म्याहून जास्त रकाना त्या खुणांनी भरला होता.

त्याचं असं झालं होतं की आधीच्या टाइमकीपरने कागदी रजिस्टर शीटमध्ये उतरवताना आपली हयातभराची सवयही उतरवली होती. एकाच दिवशी चार माणसं लागली असली तर पहिल्यापुढे तारीख आणि उरलेल्या तिघांपुढे डिट्टो. कागदावर त्याने काही बिघडत नाही, कागदावर वरची ओळ वरच राहते. इथे आम्ही ओळी हलवल्या होत्या. प्रत्येक डिट्टोच्या डोक्यावर आता भलताच माणूस येऊन बसला होता, आणि ओळी परत जागेवर लावायला लागणारे अनुक्रमांकही पुसले गेले होते. शेकडो ओळी आम्ही वाचल्या होत्या, पण तो रकाना वाचताना बाईसुद्धा 'डिट्टो, डिट्टो' म्हणतच पुढे गेल्या होत्या. ज्याचा जन्म रजिस्टरांत गेला त्याला डिट्टो खटकत नाही.

मी बाईंना दाखवलं. त्यांना समजायला क्षणही लागला नाही. "म्हंजे शाळंत रांगेतल्या पोरांनी सांगायचं, मी पुढच्याच्याच गावचा," त्या हळू म्हणाल्या, "आन् मास्तरनं मग सगळ्यांना उंचीपरमानं उभं करायचं." एवढं बोलून त्यांनी फूटपट्टी टेबलावर ठेवली आणि तांब्यातलं पाणी घटाघट प्यायल्या.

आम्ही जुनी फाइल शोधली. ती एका फ्लॉपीवर होती, आणि इकडच्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी लागते हे मला त्या दिवशी कळलं. कागदी रजिस्टरं? कॉम्प्युटर आला आता कागद कशाला, म्हणून साहेबांनीच ती मागच्या वर्षी रद्दीत काढली होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझी चूक नव्हती, पण नवीन माणसाला आपली नसलेली चूकही आपलीच वाटते.

टाइमकीपर रिटायर होऊन गावी गेला होता. जो हजर नाही त्याच्या गळ्यात घोंगडं टाकणं हा आमच्याकडचा जुना रिवाज, तेव्हा तसंच होणार असं मी धरून चालले होते. बाई उठल्या, पदर खोचला आणि मला सोबत घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागे प्रिंटआउट धरून उभी राहिले.

"साहेब, लागल्याच्या तारखा गेल्या," बाई म्हणाल्या. "ओळी मी हलवल्या. आकडे मी पुसले. मागचं काही शिल्लक राहिलं नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त घाईत असायचे. म्हणाले, "अहो, चूक त्या टाइमकीपरची आहे. तसं हेड ऑफिसला लिहा. आणि तारखा अंदाजे टाकून द्या ना. दोन महिने इकडे काय, तिकडे काय."

"खुणा त्यानं केल्या, पण ओळी मी हलवल्या. लिहायचं तर तसंच लिहीन. आणि साहेब, या तारखेवर पॅकिंगमधली एक बाई घरी जाणार आहे. अंदाजानं मी भातात पाणी घालते. माणूस घरी पाठवत नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. बाहेर प्रेसशॉपचा धडधडाट चालू होता. शेवटी ते म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत काय ते करा." बाहेर पडताना मी बाईंकडे पाहिलं. चेहरा नेहमीसारखाच तापट होता, पण छत्री हातात उलटी धरली होती. मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं की आपण मोठं झाल्यावर असं व्हावं. अर्थात बोलले नाही.

मग सुरू झाली शोधमोहीम. बाईंनी बोर्डावर नोटीस लावली की प्रत्येकाने आपलं नेमणूकपत्र घेऊन यावं. आणि काय काय आलं म्हणून सांगू. कुणी लॅमिनेट करून आणलं, कुणी देवाच्या फोटोमागून काढून हळदीकुंकवासकट आणलं, एकाचं अर्धं उंदराने खाल्लं होतं पण तारखेचा भाग शाबूत होता. बाईंनी आणखी एक नियम काढला. आपल्या डोळ्यांवरचा त्यांचा भरवसा उडाला होता, तेव्हा आता ज्याची ओळ त्याने स्वतः पाहायची. भूत प्रत्येक फॉर्म भरून थांबेल असं मी करून दिलं. माणूस चपला काढून आत येणार, स्क्रीनवर स्वतःचा फॉर्म वाचणार, बरोबर असेल तर स्वतःच्या हाताने एंटर दाबणार. मग भूत पुढे जाणार. साहेबांना हा वेळेचा अपव्यय वाटला. कामगारांना सण वाटला. एका फिटरच्या फॉर्ममध्ये 'अविवाहित' आलं होतं, तर तो म्हणाला, "बाई, ऱ्हाऊ द्या तसंच, बरं वाटतंय." बाईंनी त्याच्या डोक्यावर फूटपट्टी मारली आणि दुरुस्त केलं.

एकेक खातं पुरं होत गेलं. राहिलं पॅकिंग. त्या बायकांकडे पत्रंच नव्हती. सगळ्या आधी रोजंदारीवर आल्या होत्या आणि नंतर बोर्डावर नावं लावून कायम झाल्या होत्या. तो बोर्डावरचा कागद वाऱ्याने नेला की कुणी चहा पुसायला, देव जाणे. फंडाच्या ऑफिसातून उतारा मागवावा तर महिने लागले असते. बाईंनी एकेकीला विचारलं, तर कुणी म्हणे गौरी गेल्या आणि मी लागले, कुणी म्हणे नारळी पुनवेच्या आधी. वर्ष विचारलं की सगळ्या छताकडे बघायच्या.

तेव्हा बाईंना टेबल आठवलं.

पॅकिंगच्या टेबलाची एक रीत होती. कुणी ठरवली माहीत नाही, पण मोडत कुणी नव्हतं. खिडकीजवळ पंखा होता, तिथे सगळ्यांत जुनी बाई बसायची. मग क्रमाने एकेक. नवी आली की तिची जागा दाराजवळ, जिथून फोर्कलिफ्ट ये-जा करायचा आणि डिझेलचा धूर थेट तोंडावर यायचा. वरची कुणी सोडून गेली की सगळ्या एक-एक जागा खिडकीकडे सरकायच्या. म्हणजे ते टेबल हेच पॅकिंगचं रजिस्टर होतं, आणि ते कुणी रद्दीत घातलं नव्हतं.

दुपारचे डबे झाल्यावर बाई पॅकिंगमध्ये गेल्या आणि एका खोक्यावर बसल्या. मी वही घेऊन शेजारी उभी राहिले. "ऐका गं," त्या म्हणाल्या, "रोज बसता तशा बसा. त्याच क्रमानं मी नावं घेणार. तुमच्यासंगं त्या दिवशी गेटावर आणखी कोण नवीन लागलं होतं, आठवत असंल तर सांगा. पुरुषांची पत्रं माझ्याकडं हायेत, त्यावरनं तारीख लागंल."

बायका बसल्या. खिडकीपासून बाई एकेकीला विचारत आल्या. काहींना आठवत होतं, माझ्याबरोबर वॉचमन लागला, माझ्याबरोबर तो लेथवाला. काहींवरून वाद झाला, आवाज चढले, मग वरची आणि खालची साक्षीला आल्या आणि मिटलं. माझ्या वहीत नावं उतरत गेली. दिघ्याची शेवटून दुसरी होती. तिच्यापाशी आलो तर ती मान खाली घालून हातातला बटर पेपर चुरगाळत होती. बाईंनी तिला जरा सवड दिली आणि पुढे पाहिलं.

दाराजवळ सारसोळ्याची मावशी बसली होती. मी लागले तेव्हापासून ती तिथेच बसायची.

मावशी हसली. "लिवा ना बाय," ती म्हणाली. "माजी जागा हीच हाय. मीच शेवटची."

"तुमच्यासंगं कोण लागलं होतं?"

"आता कुनाला आटवतंय? म्हातारी झालंय मी. लिवा तुमी."

बाईंनी टेबलावर नजर फिरवली. एकही बाई वर बघत नव्हती. कुणी नळ पुसत होती, कुणी नसलेली धूळ झटकत होती. काहीतरी सगळ्यांना माहीत होतं आणि ते बोलायचं नाही असं सगळ्यांनी आपापल्या मनात ठरवलं होतं, एवढं मलाही कळलं. बाईंनी माझ्या हातातल्या पेनावर बोट ठेवलं, म्हणजे लिहू नकोस.

तेव्हा दिघ्याची उठली.

"नाही बाई," ती म्हणाली. "ती जागा माही हाय."

"बस गो खाली," मावशी ओरडली. मी मावशीला ओरडताना तेव्हाच ऐकलं.

पण ती बसली नाही. तिने सगळं सांगितलं. मुलीच्या वेळेला तिला दिवस गेले होते आणि दारातल्या धुराने ती रोज ओकायची. तेव्हा मावशीने तिला उठवून आपल्या जागेवर बसवलं. माझं नाक खाऱ्या वाऱ्याने निबर झालंय, मला धूर लागत नाही, असं म्हणाली आणि स्वतः दारात जाऊन बसली. मुलगी झाली, मोठी झाली, बालवाडीत जायला लागली, तरी मावशी परत वर सरकली नाही. "मावशी माह्या आधी लागली. कधीच्या आधी. माह्यासंगं पेंट शॉपमधला तो टक्कलवाला लागला होता, गेटावर आमची नावं एकदमच घेतली. त्याला इचारा."

पेंट शॉपमधल्या त्या माणसाचं पत्र माझ्याच फाइलमध्ये होतं. पॅकिंगच्या कुठल्याही बाईच्या तारखेपेक्षा ती तारीख नंतरची होती. तिने स्वतःच्या विरुद्धचा पुरावा स्वतःच आणून आमच्या हातात ठेवला होता.

बाई खोक्यावरून उठल्या. तिच्याजवळ गेल्या. त्यांचा आवाज मी इतका खाली आलेला कधी ऐकला नव्हता. "पोरी, इचार करून सांग. म्या एकदा लिहिलं की झालं."

ती म्हणाली, "बाई, इचार केला असता तर गप बसले असते."

मावशीने डोक्याला हात लावला आणि रडायला लागली. दुसऱ्या बायकाही रडल्या. मी वहीत तिचं नाव सगळ्यांच्या खाली लिहिलं. कौतुकाचा विषय निघाला म्हणून सांगते, इतकं मोठं माणूस मी त्यानंतर फार थोड्या ठिकाणी पाहिलं. सत्कार-समारंभांतून तर नाहीच नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. बाई साहेबांकडे तिच्यासाठी भांडल्या. साहेबांनी नियम दाखवला, आणि नियम बाईंनीच जपलेला होता, तेव्हा त्यांना गप्प बसावं लागलं. त्या रागाने आठवडाभर साहेबांशी बोलल्या नाहीत. मग छत्री घेऊन, रजा टाकून, तिला बरोबर घेऊन महाप्याच्या कंपन्यांचे उंबरठे झिजवत फिरल्या. काही महिने गेले, पण एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगलाच तिला काम मिळालं. तिथे पंखे सगळ्यांना होते म्हणे. हे सगळं नंतरचं. त्या महिन्याच्या अखेरीला तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि आम्हालाही नव्हतं.

महिनाअखेरीला पॅकिंगच्या बायका कॉम्प्युटरच्या खोलीत आल्या. दाराबाहेर चपलांचा ढीग झाला. तारखा आता सगळ्या होत्या, मावशीचीसुद्धा बाकीच्या बायकांनी आठवून दिली होती, एकही डिट्टो नव्हता, आणि ओळी लागल्याच्या तारखेप्रमाणे लावल्या होत्या. भूत एकेक फॉर्म भरत होतं आणि थांबत होतं. खिडकीजवळची आली, तिने वाचलं, एंटर दाबलं. मग पुढची. बाई माझ्या मागे उभ्या होत्या, फूटपट्टी हातात होती पण कुणाच्या ओळीला लावली नाही. मावशी आली तेव्हा तिने स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला वाचता कुटं येतं," म्हणाली आणि एंटर दाबायला तयारच होईना. बाईंनी तिचा हात धरून दाबायला लावला. दाबून ती थेट चपला न घालताच निघून गेली.

दिघ्याची शेवटची. तिने पदराने हात पुसले आणि खुर्चीत नीट बसली. भुताने तिचं आडनाव घातलं, नाव घातलं, खातं घातलं. मग तारीख. ती बोटाने एकेक चौकोन वाचत गेली. वारस म्हणून मुलीचं नाव होतं, तिथे तिचं बोट जरा थांबलं.

"बरोबर हाय सगळं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "हे दाबलं की झालं?"

"झालं," मी म्हटलं.

तिने एंटर दाबलं. फॉर्म सेव्ह झाला, चौकोन रिकामे झाले, आणि भूत पुढच्या नावासाठी शीटकडे वळलं. पुढे नाव नव्हतं.